लाइनवर तिसरं कोणीतरी

१

जुन्या महागड्या गाड्या म्हणजे उतारवयातल्या श्रीमंत आत्याबाई. थाट सगळा शाबूत, पण रोज नवं दुखणं, आणि दुखतंय कुठे ते नीट सांगायचं नाही. माझं वर्कशॉप अशाच आत्याबाईंवर चालतं. इंजिनाला मी हात लावत नाही. रेडिओ, स्पीकर, स्क्रीन आणि गाडीतला फोन, एवढंच माझं राज्य.

या गाड्यांत ही सगळी मंडळी काचेसारख्या एका बारीक तारेत गोल ओवलेली असतात. तारेतून लाल उजेड फिरतो. रेडिओकडून अ‍ॅम्प्लिफायरकडे, तिथून डिकीतल्या फोनच्या डब्याकडे, तिथून परत रेडिओकडे. या गोलाला आम्ही रिंग म्हणतो. रिंगमधल्या एकाने जरी अंग काढून घेतलं तरी सगळे मुके होतात. मग मी बोटभर लांबीचा एक लूप घेऊन बसतो. ज्याच्यावर संशय असेल त्याचा प्लग काढायचा आणि तिथे लूप खोचायचा, म्हणजे उजेड त्याला वगळून पुढे जातो. गाडी बोलायला लागली की चोर सापडला. शांत डोक्याचं काम आहे. माझं डोकं शांत नसतं, हे कोणीही सांगेल.

ही गाडी दातांच्या एका डॉक्टरीणबाईंची. गडद निळी, लांबलचक, आतून फिकट कातड्याची. त्यांनी ती कोणाकडून तरी जुनी घेतली होती.

"रेडिओ मधेच बंद पडतो, स्क्रीन काळी होते," त्या म्हणाल्या. "आणि फोन..."

"फोनला काय झालं?"

"मी गाडीतून ज्यांना फोन करते, ते विचारतात, सोबत कोण आहे. मी एकटी असते हो."

"मग बरंय की. फुकटची सोबत."

"हसा. तुमचे दात मी बघितलेत. त्यांनी हसावं असं काही नाही." एवढं बोलून त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. जाताना मात्र काचेतून मागच्या सीटकडे एकदा बघून गेल्या, ते माझ्या लक्षात राहिलं.

२

गाडीतला फोन सुधारला की नाही हे कळायला कोणाला तरी फोन लावावाच लागतो. या धंद्यातला प्रत्येकजण त्यासाठी एक माणूस राखून असतो. कोणाची बायको असते, कोणाचा शेजारचा दुकानदार. माझ्याकडे बाबा आहेत. ते निवृत्त होईपर्यंत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते आणि त्यांचे कान अजून ठणठणीत आहेत. बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडल्यापासून ते दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून असतात. शेजारी स्टुलावर फोन. बायको बँकेत जाते, मी वर्कशॉपमध्ये. माझा टेस्ट कॉल म्हणजे बाबांची ड्युटी.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून घरचा नंबर फिरवला.

"बाबा, बोला."

त्यांनी आधी घसा साफ केला. ही त्यांची नोकरीतली सवय. "आवाज छान आहे. खरखर नाही, घुमतही नाही. कोणाची गाडी?"

"दातांच्या डॉक्टरांची."

"सोबत कोण आहे तुझ्या?"

"कोणी नाही."

"अरे, लाइनवर तिसरं कोणीतरी आहे."

मी मागे वळून बघितलं. सीट रिकामी होती. स्वतःचाच राग आला.

"बोलतंय का काही?"

"नाही. ऐकतंय. लाइनवर आणखी एक माणूस आला ना, की आवाज जरासा बसतो. वाटा गेल्यासारखा. आम्हाला लगेच कळायचं. मुकाट्याने ऐकत बसणारी माणसं फार असायची रे. एकदा काय झालं..."

"क्रॉस कनेक्शन असेल, बाबा. ठेवतो. काम पडलंय."

टेस्ट कॉल म्हणजे गप्पा नव्हेत, हे त्यांना कितीदा सांगून झालंय.

मी डिकीतला फोनचा डबा काढला आणि त्याच्या जागी लूप खोचला. रेडिओ दुपारभर न अडखळता गात राहिला. चोर सापडला होता. आता बाईंना फोनही हवा होता, म्हणून मी डबा टेबलावर उघडून बसलो. आत काही जळलेलं नव्हतं, गंजलेलं नव्हतं, सगळं नव्यासारखं होतं. मला अशा निरोगी रोग्यांची भयंकर चीड येते.

संध्याकाळी घरी गेलो तर बाबा खुशीत.

"आज दुसऱ्यांदा फोन लावलास ते बरं केलंस. एवढा वेळ तू कधी देत नाहीस."

"मी कुठे लावला?"

"दुपारी. बोलला नाहीस, पण ऐकत होतास की! मी तुला ती पुराची गोष्ट सांगितली, एक्स्चेंजमध्ये पाणी शिरलं होतं ती. पूर्ण सांगितली."

त्यांचा आवाज थोडा बसला होता. मी म्हणालो की रॉंग नंबर असणार, कोणीतरी फोन उचलून तसाच बाजूला ठेवला असेल. मला ते पटलंही. दुपारी माझा मोबाइल खिशात होता आणि गाडीतल्या फोनचा डबा माझ्यासमोर टेबलावर दोन तुकड्यांत पडला होता.

३

त्या आठवड्यात बाबांचा आवाज रोज थोडा थोडा खाली गेला. आधी घोगरा झाला, मग कुजबुजल्यासारखा. बायकोने मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, मग त्यांना घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि म्हणाले, घसा लहान मुलासारखा स्वच्छ आहे, बोलणं कमी करा.

"बोलतात कोणाशी?" बायकोने मला विचारलं. "आपण दोघंही घरात नसतो."

बाबांची तक्रार काहीच नव्हती, हेच मला खटकत होतं. आधी ते दिवसातून दहा वेळा घड्याळ बघायचे. आता आम्ही घरी आलो की त्यांना नको त्या वेळेला पाहुणे आल्यासारखं व्हायचं.

वर्कशॉपमध्ये माझं काम पुढे सरकत नव्हतं. डबा जोडला की सगळं बिघडायचं, काढला की सगळं ठीक. मी दुसऱ्या गाडीचा डबा लावून बघितला, मायक्रोफोन बदलला, छताचं कापड उतरवून तारा तपासल्या. हात चालू होते, डोकं मात्र दुसरीकडे. दर थोड्या वेळाने मी गाडीला एक फेरी मारायचो आणि कशासाठी मारली ते मलाच कळायचं नाही.

एका दुपारी मी डिकीत अर्धा आत शिरून तो लूपही काढला. आता रिंग उघडी होती. डबा नाही, लूप नाही, म्हणजे उजेडाचा रस्ताच तुटलेला. प्लगमध्ये तारेची दोन टोकं असतात. एका टोकातून उजेड येतो, ते लाल दिसतं. दुसऱ्या टोकातून तो पुढे जायचा असतो, आणि पाठवणारं कोणी नसेल तर ते काळं दिसायला हवं.

दोन्ही टोकं लाल होती.

मी प्लग हातात घेऊन डोळ्यांजवळ आणला. पहिल्या टोकातला उजेड स्थिर होता, नेहमीसारखा. दुसऱ्यातला मंद व्हायचा, परत भरायचा. मी त्यावर अंगठा ठेवला. कुठून तरी परावर्तन होत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. डिकीच्या झाकणातला दिवा असेल. दिवा काढून टाकला. दुसरं टोक तसंच लाल राहिलं.

आणि मग मागच्या डाव्या दारातल्या स्पीकरमधून कोणीतरी घसा साफ केला.

रिंग उघडी असताना त्या गाडीतून टाचणी पडल्याचाही आवाज येणं शक्य नाही. हे मी कोणालाही कागदावर काढून दाखवीन. मी डिकीतून बाहेर आलो, दार उघडलं, स्पीकरला कान लावला. कातड्याचा वास, बाकी काही नाही. पण तो घसा मी ओळखला होता. जन्मल्यापासून ऐकतोय.

त्या दिवशी मी वर्कशॉप लवकर बंद केलं. घराचं दार माझ्या किल्लीने हळूच उघडलं. बाबा खिडकीपाशी रिसीव्हर कानाला लावून बसले होते, ओठ हलत होते, चेहऱ्यावर हसू होतं. मी रिसीव्हर घेतला आणि कानाला लावला. लाइन चालू होती. पलीकडे कोणीतरी होतं. श्वास ऐकू आला असं मी म्हणणार नाही. खोलीत आपल्याशिवाय कोणी आहे हे जसं कळतं, तसं कळलं.

"कोण बोलतंय?" मी ओरडलो.

बाबांनी माझी बाही धरली. त्यांचं बोलणं ऐकायला मला वाकावं लागलं.

"ओरडू नकोस त्याच्यावर," ते म्हणाले. "तू पटकन ठेवतोस ना. तो ठेवत नाही."

मला रडू आलं आणि संतापही आला, दोन्ही एकाच वेळी. मी भिंतीतली फोनची वायर उपटली आणि फोन कपाटावर ठेवून दिला. बाबा रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिले.

४

सकाळी त्यांनी बायकोला हाक मारायला तोंड उघडलं तर आवाजच आला नाही. कुजबुजही नाही. ओठ हलले, जीभ हलली, मानेची शीर फुगली, आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज. त्यांनी हात गळ्याशी नेला. माझ्या बाबांना घाबरलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. हाड मोडलं तेव्हाही ते स्ट्रेचरवरून विनोद करत होते.

बायकोने रजा टाकली. "मी डॉक्टरांना घरी बोलावते," ती म्हणाली. "तू कुठे निघालास?"

"गाडी बघायला."

"या घरात माणूस मुका झालाय आणि तुला गाडी सुचतेय?" तिने दार आपटलं.

वर्कशॉपमध्ये गाडी मी सोडली होती तशीच उभी होती, रिंग उघडी, बॅटरीची तारही मी काढून ठेवलेली. शटर वर करतानाच मला आवाज ऐकू आला. बाबा बोलत होते. घोगरेपणा नाही, थकवा नाही, माझ्या लहानपणी असायचा तसा भरदार आवाज. ते हसत होते. साहेबाच्या बायकोचा ट्रंक कॉल चुकून खाटकाच्या दुकानात जोडला गेला, ती गोष्ट सांगत होते. मी ती आजवर शेवटपर्यंत ऐकली नव्हती.

मी मागच्या सीटवर जाऊन बसलो. काय करणार? माझ्या बापाचा आवाज होता. गोष्ट मजेशीर होती. खाटकाने साहेबाच्या बायकोला दर सांगितला तिथे मलाही हसू फुटलं. शेजारची जागा जराशी दबलेली दिसली. जुन्या कातड्याला खळगा पडतोच.

"बाबा," मी म्हणालो.

बोलणं थांबलं.

"थांब हं," बाबा कोणाला तरी म्हणाले. "लाइनवर तिसरं कोणीतरी आलंय."

मग त्यांनी आवाज उतरवला, जसा आपण परक्या माणसासमोर उतरवतो.

"बोलू नकोस. जाईल तो."

तिथून पुढे मी जे केलं ते डोकं ठिकाणावर असलेला इलेक्ट्रिशियन करत नाही. आमच्या कामात पहिल्याच दिवशी शिकवतात की जाग्या रिंगला हात लावायचा नाही. गाडीला कुलूप लावून ती काही वेळ सोडायची, म्हणजे रिंग झोपते आणि उजेड विझतो. मग लूप खोचायचा. उजेड चालू असताना रिंग जोडली तर आत जे चाललेलं असतं ते अर्धवट तसंच अडकून बसतं. मला हे पाठ आहे. पण तो आवाज मला एक क्षणही ऐकवत नव्हता. मी डिकीपाशी धावलो. बॅटरीची तार काढलेली असूनही दोन्ही टोकं लाल पेटलेली होती. मी लूप घेतला आणि दाबून बसवला.

शब्द मध्येच तुटला. वर्कशॉप इतकं शांत झालं की शेजारच्या गल्लीतला नळ ऐकू आला.

बॅटरी जोडली. रेडिओ लागला, स्वच्छ, एका फटक्यात. तेवढ्यात मोबाइल वाजला.

"अरे, बाबा बोलले!" बायको रडत होती. "चहा मागितला! एकदम खणखणीत! तू ये, तू लगेच ये."

मी डिकीच्या कडेवर बसलो आणि पोटभर रडलो. मग तोंड धुतलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं की गाडी तयार आहे, आत्ताच्या आत्ता न्या. गाडीतला फोन कायमचा काढून टाकलाय, रेडिओ छान चालतोय.

त्या लगेच आल्या. बसून रेडिओ लावला, मोठा केला, आणखी मोठा केला. "वा! इतका भरलेला आवाज तर आधीही नव्हता," त्या म्हणाल्या.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी शटरपाशी उभा होतो. ती माझ्या दारातून गेली, एवढंच मला हवं होतं.

५

घरी बायको हसत दारात आली. बाबा खुर्चीत बसले होते, हातात कप, गालावर रंग.

"आलास?" ते म्हणाले. "ये, बस."

मी त्यांच्या पायाशी बसलो, गुडघ्यावर डोकं ठेवलं. ते बायकोशी बोलत होते, डॉक्टरांची नक्कल करत होते. बायको पोट धरून हसत होती. मी डोळे मिटून ऐकत होतो, आणि मग डोळे उघडून मी खोलीभर बघितलं.

माझा धंदा आवाजाचा आहे. माणूस ज्या खोलीत बोलतो ती खोली त्याच्या आवाजाला चिकटून येते. आमच्या या खोलीत फरशी आहे, उघड्या भिंती आहेत, एकही पडदा नाही. इथे बायको हसली की हसू भिंतीवर आपटून परत येतं. बाबांचा आवाज कुठेच आपटत नव्हता. तो मऊ होता, दाबलेला होता, बंद काचांच्या आतला होता. गाद्या आणि कातडं यांच्यामधे बसून माणूस बोलतो तसा. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून बोलत होते आणि आवाज या खोलीतला नव्हता.

बायको कप घेऊन आत गेली. मग मला तो दुसरा आवाज ऐकू आला. बाबांच्या शब्दांच्या मागे, टिक, टिक, टिक. गाडीच्या वळणाच्या दिव्याचा.

टिकटिक थांबली. बाबा खुर्चीत एका बाजूला झुकले, आणि परत सरळ झाले.

"बाबा," मी म्हणालो, "तुम्ही कुठे आहात?"

"वेडा आहेस का? घरी." मग ते थोडे गोंधळले. त्यांनी हात बाजूला नेला, हवेत काहीतरी चाचपलं. "दार कुठल्या बाजूला आहे रे? इकडून उघडत नाहीये."

आमचं दार समोर सताड उघडं होतं.

मी मोबाइल काढून डॉक्टरीणबाईंना लावला. गाडीतला फोन तर मीच काढून टाकला होता, आता पलीकडे नुसती रिंग वाजत होती. जाग्या रिंगमध्ये लूप खोचून मीच बाबांना त्या गाडीत अडकवलं होतं, आणि रस्त्यावर तिला जे काही होईल ते माझ्या बाबांना होणार होतं, एवढं मला कळलं होतं. उचला, मी म्हणत होतो, बाई, उचला.

"फोन वाजतोय त्यांचा," बाबा म्हणाले.

"कोणाचा?"

"बाईंचा. पर्समध्ये आहे. रेडिओ मोठा लावलाय ना, त्यांना ऐकू येत नाहीये." त्यांच्या आवाजात मागे खरोखरच ती रिंग वाजत होती, माझ्या कानातल्या रिंगच्या तालावर. त्यांनी मान तिरकी करून शेजारी कोणाचं तरी ऐकल्यासारखं केलं आणि हसले. "हो, खरंच की. आपणच सांगूया. त्यांना बिचाऱ्यांना माहीतच नाही, आपण मागे बसलोय."

"नको!" मी त्यांचे हात धरले. "बाबा, त्या गाडी चालवताहेत. काही बोलू नका. शांत बसा. मी येतो, मी दार उघडतो, तोवर काही बोलू नका."

"अरे, घाबरतोस काय एवढा," बाबा म्हणाले. त्यांनी माझे हात अलगद सोडवले आणि घसा साफ केला. मग ते खुर्चीत पुढे सरकले, वाकले, आणि पुढे बसलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा त्यांनी हात पुढे केला.